बायका रूपाला भुलल्या म्हणे!



आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, अमेरिकेला. तिथे दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडतात. मतदानाच्या आधी महिना-दीड महिना मुख्य उमेदवार एका मंचावर समोरासमोर उभे राहतात. पत्रकार प्रश्न विचारतात, उमेदवार उत्तरं देतात, एकमेकांचं म्हणणं खोडून काढतात. कोट्यवधी लोक हे घरी बसून टीव्हीवर बघतात. तिकडे याला ‘डिबेट’ म्हणतात. आपण वादचर्चा म्हणू.

वादचर्चा संपली की लगेच आकडे सुरू होतात. अमुक जिंकला, तमुक हरला, याची तीन टक्के मतं वाढली, त्याची दोन टक्के घटली. हे आकडे येतात जनमत चाचणीतून. आज आपण एवढंच बघायचं आहे की टीव्हीवरच्या दीड तासाच्या बोलण्याने हे आकडे खरंच हलतात का, आणि हलले तर लोकांची मतंही हलली असं समजायचं का.

हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. या इतिहासात बायका दोन ठिकाणी येतात. एका ठिकाणी त्यांच्यावर ठपका आहे. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी असं काम केलं आहे की ते आपल्याला माहीत असायला हवं.

शितावरून भात, की पळीवरून रस्सा?

आधी जनमत चाचणी म्हणजे काय ते बघू. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. सगळं पातेलं चेपून बघत नाही. भात सगळीकडे सारखा शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. रश्श्याचं तसं नसतं. न ढवळता वरची पळी घेतली तर नुसता तवंग हाताला लागतो, तळाशी काय आहे ते कळत नाही. माणसांचा समाज हा भातापेक्षा रश्श्यासारखा असतो. म्हणून चाचणी करणाऱ्याला आधी ढवळावं लागतं. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, शहर-खेडं, तरुण-म्हातारे असे सगळे त्या पळीत यावे लागतात.

नीट ढवळून हजारेक माणसांना विचारलं, तर मोठ्या देशाचाही बऱ्यापैकी अंदाज येतो. पण तो अंदाजच असतो. हजार माणसांच्या चाचणीत आकडा साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे होऊ शकतो. म्हणजे चाचणीत ४८ आले, तर खरे ४५ असतील किंवा ५१ही असतील. हे तीन टक्के लक्षात ठेवा, पुढे लागतील.

न ढवळता पळी घेतली तर काय होतं, ते अमेरिकेने १९३६ साली पाहिलं. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाचं तिथलं एक मोठं साप्ताहिक होतं. त्याने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली आणि मत विचारलं. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. साप्ताहिकाने सांगून टाकलं की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले, आणि लँडन यांना फक्त दोन राज्यं मिळाली. एवढ्या लोकांना विचारूनही चूक कशी झाली? साप्ताहिकाने बरेचसे पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांकडे. शिवाय पत्र मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तर पाठवलंच नाही. ज्यांना राग होता त्यांनी उत्साहाने पाठवलं. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारलं, पण निवडून विचारलं, आणि कोण जिंकणार ते बरोबर सांगितलं.

उत्तर कोण देतं आणि कोण देत नाही, ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

२६ सप्टेंबर १९६०

राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांची टीव्हीवरची पहिली वादचर्चा शिकागो शहरात २६ सप्टेंबर १९६० या दिवशी झाली. एकीकडे रिचर्ड निक्सन. वय ४७, आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष होते, अनुभव दांडगा. दुसरीकडे जॉन केनेडी. वय ४३, श्रीमंत घरातले, दिसायला देखणे. पण लोक म्हणायचे, हा पोरगा अजून कच्चा आहे. तोपर्यंत अमेरिकेत दर दहा घरांपैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही आला होता. सुमारे सात कोटी लोकांनी ती चर्चा बघितली.

निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये मोटारीच्या दारावर आपटला होता. जखम चिघळली आणि त्यांना दोन आठवडे दवाखान्यात राहावं लागलं. वजन उतरलं होतं, सदरा गळ्याशी सैल झाला होता. चेहऱ्याला नीट रंगरंगोटी करायला ते तयार झाले नाहीत. दाढीची काळी झाक लपावी म्हणून थोडी पावडर लावली, ती दिव्यांच्या उष्णतेत घामाने उतरली. करड्या रंगाचा कोट मागच्या भिंतीत मिसळून गेला. केनेडी गडद कोट घालून, उन्हात रापलेल्या चेहऱ्याने, ताजेतवाने दिसत होते. चर्चा संपल्यावर निक्सन यांच्या आईने फोन करून विचारलं म्हणे, की पोराची तब्येत बरी आहे ना?

गॅलपच्या चाचणीत या चर्चेआधी निक्सन ४७ आणि केनेडी ४६ होते. चर्चेनंतर केनेडी ४९ आणि निक्सन ४६ झाले. आता ते तीन टक्के आठवा. हा बदल जेमतेम तेवढाच आहे. पण निवडणूकच इतकी अटीतटीची होती की तेवढंही मोठं वाटलं. नोव्हेंबरमध्ये पावणेसात कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं, आणि देशभरात केनेडी यांना निक्सन यांच्यापेक्षा सुमारे १ लाख १३ हजार मतं जास्त पडली. शंभर मतांमागे पाव मताचाही फरक नाही.

त्यानंतर दोन गोष्टी सगळीकडे सांगितल्या जाऊ लागल्या. दोन्ही आपण तपासून बघू.

पहिली गोष्ट अशी की ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, आणि ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना केनेडी. आपण रेडिओची माणसं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला आवडेल. कान मुद्द्याकडे जातो, डोळा कपड्याकडे जातो, असा तिचा अर्थ काढतात. पण तिच्यामागे मुख्यतः एकाच कंपनीची पाहणी आहे. त्या पाहणीत रेडिओवर ऐकणारे तीनशेही नव्हते. आणि हे ऐकणारे कोण असणार? टीव्ही अजून न पोहोचलेल्या खेड्यापाड्यांतले लोक त्यांत जास्त असू शकतात. केनेडी कॅथलिक पंथाचे होते, आणि प्रोटेस्टंट खेड्यांत त्यांच्याविषयी आधीपासूनच नाराजी होती. तेव्हा त्यांना निक्सन बरे वाटले ते रेडिओमुळे, की ते आधीपासूनच निक्सन यांच्या बाजूचे होते म्हणून? १९८७ साली दोन अभ्यासकांनी हाच प्रश्न विचारला, आणि ही गोष्ट पुराव्यावर टिकत नाही असं दाखवलं.

याचा अर्थ दिसण्याचा परिणाम होतच नाही, असा नाही. २००३ साली एका संशोधकाने ही चर्चा काही लोकांना फक्त ऐकवली आणि काहींना दाखवली. कोणी ऐकायचं आणि कोणी पाहायचं हे त्याने चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. पाहणाऱ्यांना केनेडी जास्त सरस वाटले. म्हणजे गोष्टीत तथ्य थोडं आहे. पण १९६० साली जो पुरावा म्हणून दाखवला जायचा, तो कच्चा होता.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त झोंबणारी आहे. केनेडी देखणे होते, म्हणून बायका भुलल्या आणि त्यांनी त्यांना निवडून आणलं. हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आता गॅलपचेच आकडे बघा. १९६० साली पुरुषांत केनेडी ५२ आणि निक्सन ४८ असे होते. बायकांत केनेडी ४९ आणि निक्सन ५१. म्हणजे देखण्या उमेदवाराला जास्त पसंती दिली ती पुरुषांनी. बायकांचा कल तर दुसरीकडे होता, थोडासा का होईना. आकडा उघड छापलेला होता, तरी लोकांनी गोष्टीवर विश्वास ठेवला. बाई कपडे बघून मत देते आणि पुरुष विचार करून, हे मनात आधीच पक्कं असलं, की आकडा समोर असून दिसत नाही.

बायकांनी उभा केलेला मंच

१९६० नंतर तब्बल सोळा वर्षं अशी वादचर्चा झाली नाही. त्याला दोन कारणं होती. तिथल्या कायद्याप्रमाणे एका उमेदवाराला वेळ दिला तर सगळ्या लहानमोठ्या उमेदवारांना तेवढाच वेळ द्यावा लागायचा. १९६० पुरती ती अट बाजूला ठेवली होती. दुसरं कारण म्हणजे चाचणीत जो पुढे असतो, त्याला चर्चा नकोच असते. हातात आलेलं तो कशाला पणाला लावेल? १९६४ साली जॉन्सन खूप पुढे होते, ते चर्चेला उभे राहिले नाहीत. १९६८ आणि १९७२ साली निक्सन पुढे होते, आणि त्यांना १९६० चा अनुभव होता. तेही राहिले नाहीत. बघा, चर्चेने आकडा हलतो की नाही हे नंतरचं, इथे आकड्यानेच ठरवलं की चर्चा होणार की नाही.

१९७५ साली नियमात वाट निघाली. टीव्ही कंपनीने स्वतः न भरवता बाहेरच्या कोणी चर्चा भरवली, तर तिला बातमी समजून दाखवता येईल असं ठरलं. मग बाहेरचं कोण पुढे आलं? ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’, म्हणजे महिला मतदारांची संघटना. अमेरिकेत बायकांच्या मताच्या हक्काला १९२० च्या ऑगस्टमध्ये देशाच्या घटनेत जागा मिळाली. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, ही संघटना शिकागोत स्थापन झाली. हक्क मिळवण्यासाठी लढलेल्या बायकांनी ती सुरू केली, कारण नुसता हक्क मिळून भागत नाही, मत देणाऱ्याला माहितीही हवी. ही संघटना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करत नाही. गावोगावच्या सभासद बायका उमेदवारांना प्रश्न विचारायच्या सभा वर्षानुवर्षं भरवत होत्या. त्याच कामातून १९७६, १९८० आणि १९८४ या तीन निवडणुकांत राष्ट्राध्यक्षपदाच्या वादचर्चा त्यांनी भरवल्या.

१९७६ ची पहिली चर्चा फिलाडेल्फियात झाली. समोर होते राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर. चर्चा संपत आली आणि आवाजाचं यंत्र बंद पडलं. सत्तावीस मिनिटं दोघेही आपापल्या जागी तसेच उभे राहिले. खुर्ची होती, पण बसलं तर थकलेलं दिसू, या धास्तीने कोणी बसायला धजेना.

दुसरी चर्चा ६ ऑक्टोबरला झाली. तिथे फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत रशियाचं वर्चस्व नाही. त्या काळी पोलंड, हंगेरी या देशांत रशियाचं चालतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत होतं. आता गंमत बघा. त्याच रात्री फोन करून विचारलं तेव्हा कितीतरी लोकांना फोर्डच थोडे सरस वाटले होते. रात्रीतून आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही-वर्तमानपत्रांनी ते एक वाक्य पुन्हा पुन्हा उगाळलं. दुसऱ्या संध्याकाळी विचारलं तर कार्टर मोठ्या फरकाने जिंकले, असं लोक सांगू लागले. चर्चा तीच होती. मधे बदललं ते फक्त दुसऱ्यांनी सांगितलेलं. हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. सभेतून येताना आपल्याला एक वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर चार जणी बोलल्या की आपल्याला पहिल्यापासून तसंच वाटत होतं असं वाटायला लागतं.

१९८० साली संघटनेपुढे अवघड प्रश्न आला. तिसरे उमेदवार जॉन अँडरसन यांना बोलवायचं का? संघटनेने नियम केला की चाचणीत साधारण १५ टक्के पाठिंबा असेल तर बोलवायचं. सप्टेंबरात ते त्यात बसले, म्हणून त्यांना बोलावलं. कार्टर म्हणाले, मग मी येत नाही. बाल्टिमोरची चर्चा अँडरसन आणि रोनाल्ड रेगन या दोघांतच झाली. पुढे अँडरसन यांचा आकडा घसरला आणि त्यांना वगळून २८ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये कार्टर-रेगन चर्चा झाली. मतदानाला एकच आठवडा उरला होता. आठ कोटींहून जास्त लोकांनी ती बघितली. शेवटी रेगन यांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? महागाईने लोक गांजलेले होते. चाचण्यांत लढत चुरशीची दिसत होती, पण रेगन जवळजवळ दहा टक्क्यांनी जिंकले. हा चर्चेचा परिणाम म्हणायचा का? काही प्रमाणात असेल. पण त्याच आठवड्यात इराणमध्ये ओलीस धरलेल्या ५२ अमेरिकन लोकांची बातमी रोज चालू होती, आणि मतदानाच्या दिवशी त्या घटनेला वर्ष पूर्ण झालं. एकाच आठवड्यात पाऊसही पडला आणि खतही घातलं, तर पीक कशाने आलं हे वेगळं काढून सांगता येत नाही.

१९८४ साली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चेत पहिल्यांदा एक बाई उभी राहिली, जेराल्डीन फेरारो. समोरचे जॉर्ज बुश परराष्ट्र धोरण त्यांना समजावून सांगू लागले. फेरारो यांनी तिथल्या तिथे ऐकवलं, की मला शिकवण्याचा हा तुमचा सूर मला आवडलेला नाही. ती निवडणूक त्यांचा पक्ष वाईट हरला. पण ते उत्तर आजही लोकांच्या लक्षात आहे.

आणि मग आलं १९८८. दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी आपसात सोळा पानांचा करार केला. प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, पत्रकारांना कुठपर्यंत येऊ द्यायचं, सगळं त्यांनीच ठरवलं आणि संघटनेपुढे ठेवलं. तुम्ही फक्त सही करा. ३ ऑक्टोबर १९८८ ला संघटनेने जाहीर केलं की आम्ही या चर्चेतून बाहेर पडतो. ही मतदारांची फसवणूक आहे आणि तिला आम्ही हातभार लावणार नाही, असं अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी ठणकावून सांगितलं. एवढा मोठा मान, देशभर टीव्हीवर नाव, हे सगळं त्यांनी एका दिवसात सोडलं. त्यानंतरच्या वादचर्चा दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून स्थापलेल्या आयोगाने भरवल्या, २०२० पर्यंत. १५ टक्क्यांचा नियमही २००० सालापासून त्या आयोगाने लावला.

मत बदललं, की उत्तर देणारा बदलला?

१९९२ साली एका चर्चेत साध्या मतदारांनी प्रश्न विचारले. सूत्रसंचालन कॅरोल सिम्पसन या कृष्णवर्णीय महिला पत्रकार करत होत्या. सभागृहातल्या एका बाईने उमेदवारांना विचारलं, देशाच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? राष्ट्राध्यक्ष बुश त्याच सुमारास मनगटावरच्या घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्यात दिसले आणि त्यांचं उत्तर अडखळलं. बिल क्लिंटन पुढे गेले, तिच्याशीच बोलले. बुश हरले. पण क्लिंटन त्या आधीपासूनच चाचण्यांत पुढे होते, घड्याळाने त्यांना पुढे नेलं नाही. त्या वर्षी चर्चेचा खरा फायदा झाला तो तिसऱ्याला, रॉस पेरो यांना. त्यांना जवळजवळ १९ टक्के मतं पडली, चर्चेआधी चाचण्यांत होती त्याच्या दुपटीच्या आसपास. ज्याला लोक कमी ओळखतात, त्याला मंच जास्त उपयोगी पडतो. ओळखीच्या माणसाबद्दल लोकांचं मत आधीच झालेलं असतं.

आता २०१२. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि मिट रॉम्नी. ३ ऑक्टोबरची पहिली चर्चा ओबामा यांना अगदीच जमली नाही. गॅलपने चर्चा बघणाऱ्यांना विचारलं, तर ७२ जणांनी रॉम्नी सरस म्हटलं आणि फक्त २० जणांनी ओबामा. प्यू नावाच्या नामांकित संस्थेच्या चाचणीत सप्टेंबरात ओबामा ५१ आणि रॉम्नी ४३ होते. चर्चेनंतर रॉम्नी ४९ आणि ओबामा ४५ झाले. म्हणजे बारा टक्क्यांची उलथापालथ! एका रात्रीत बाजी पलटली, असं सगळे म्हणू लागले. नोव्हेंबरमध्ये ओबामा ५१ विरुद्ध ४७ असे निवडून आले.

मग ते बारा टक्के कुठे गेले? काही संशोधकांनी त्या वर्षी एक वेगळी पाहणी केली होती. दर वेळी नवी माणसं न घेता त्यांनी त्याच त्या लोकांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं. त्यात असं दिसलं की फार थोड्या लोकांनी आपलं मत बदललं होतं. झालं असं, की आपला माणूस वाईट बोलला म्हणून ओबामा यांचे समर्थक हिरमुसले आणि चाचणीवाल्यांना उत्तर द्यायलाच तयार होईनात. रॉम्नी यांचे समर्थक खुशीत होते, ते उत्साहाने उत्तर देत होते. पळीत एका बाजूचे लोक जास्त आले आणि आकडा हलला.

गटाच्या बैठकीत बघा. ज्या आठवड्यात एखादीचं म्हणणं खाली पडतं, त्या आठवड्यात तिच्या बाजूच्या बायका गप्प बसतात. त्या दिवशी हात मोजले तर सगळा गट दुसरीकडे गेला असं वाटेल. त्यांचं मत बदललेलं नसतं. त्यांना त्या दिवशी बोलायचं नसतं, इतकंच.

जिंकलेली चर्चा, हरलेली निवडणूक

२०१६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चेत मोठ्या पक्षाची उमेदवार म्हणून पहिल्यांदा एक बाई उभी राहिली, हिलरी क्लिंटन. समोर डोनाल्ड ट्रम्प. ही पहिली चर्चा ८ कोटी ४० लाख लोकांनी बघितली, आजवरचा हा सर्वांत मोठा आकडा. सीएनएनच्या पाहणीत ६२ जणांनी क्लिंटन जिंकल्या म्हटलं, २७ जणांनी ट्रम्प. शेवटी देशभर क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, तरी त्या हरल्या. कारण तिथे निकाल राज्यांच्या हिशेबाने लागतो. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात, एकूण ५३८, आणि २७० मिळवणारा जिंकतो. देशभराच्या चाचणीचा एक आकडा हे राज्याराज्यांचं गणित दाखवत नाही.

२०२४ साली तर दोन टोकं दिसली. २७ जूनला जो बायडेन आणि ट्रम्प यांची चर्चा झाली. ८१ वर्षांचे बायडेन अडखळले, वाक्यं अर्धवट राहिली. चाचण्यांची सरासरी किती हलली? सुमारे दोन टक्के. पण त्यांच्याच पक्षाचा धीर सुटला आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी कमला हॅरिस आल्या, ज्यांच्या आई मूळच्या तमिळनाडूतल्या. १० सप्टेंबरच्या चर्चेत सीएनएनच्या पाहणीत ६३ जणांनी हॅरिस जिंकल्या असं सांगितलं आणि ३७ जणांनी ट्रम्प. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले. पहिल्या चर्चेने आकडा फारसा हलला नाही, तरी उमेदवारच बदलला. दुसरी चर्चा स्पष्टपणे जिंकूनही निवडणूक हातची गेली.

अभ्यासकांनी एकेक निवडणूक न घेता सगळ्यांचा मिळून हिशेब मांडला आहे. कॅरोलिन ल पेनेक आणि विन्सेंट पॉन्स या दोघांनी १९५२ पासूनच्या दहा देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ वादचर्चा तपासल्या. शेवटच्या दोन महिन्यांत बरेच लोक आपलं मत ठरवतात, असं त्यांना दिसलं. पण ते ठरणं चर्चेच्या दिवसाशी बांधलेलं नव्हतं. चर्चेआधी आणि चर्चेनंतर त्यात काही फरक पडला नाही. लोक घरातल्यांशी, शेजाऱ्यांशी बोलत, बातम्या ऐकत हळूहळू ठरवतात.

मग एवढा खटाटोप कशाला? आम्हाला वाटतं, चर्चा हवीच. १९८८ साली त्या बायका बाहेर पडल्या, त्या चर्चेला काही अर्थ नाही म्हणून नव्हे. चर्चेला अर्थ आहे, म्हणूनच ती खोटी होऊ नये असं त्यांना वाटलं. उमेदवाराला न सांगता विचारलेला प्रश्न, त्याने दिलेलं किंवा टाळलेलं उत्तर, हे मतदाराला कामाला येतं. कोण जिंकलं हा कुस्तीचा प्रश्न आहे. माझ्या प्रश्नावर हा काय करणार आहे, हा मतदाराचा प्रश्न आहे.

म्हणून कोणत्याही निवडणुकीत, कुठल्याही गावात किंवा देशात, कोणी आकडा सांगितला की चार गोष्टी विचारा. किती जणांना विचारलं? कोणाला विचारलं, आणि कोण उत्तर द्यायला आलंच नाही? कधी विचारलं, ऐकल्यावर लगेच की दुसऱ्यांनी सांगितल्यावर? आणि मंचावर कोणाला बोलवायचं हे कोणी ठरवलं?

शेवटी, गटात करून बघण्यासारखं एक काम. पुढच्या बैठकीत एखादा खरा विषय घ्या. कर्ज आधी कोणाला द्यायचं, किंवा गटाच्या पैशातून शिवणयंत्र घ्यायचं की पिठाची गिरणी. दोघींना दोन बाजू मांडू द्या. बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीने नाव न घालता चिठ्ठीवर आपलं मत लिहावं. जिला लिहिता येत नाही तिने खूण करावी. बोलणं संपताच, एकमेकींशी न बोलता, दुसरी चिठ्ठी. आणि दोन दिवसांनी तिसरी. तिन्ही वेळच्या चिठ्ठ्या मोजा. किती जणींचं मत बोलणं ऐकून बदललं, किती जणींचं मागाहूनच्या कुजबुजीने, आणि तिसऱ्या दिवशी चिठ्ठी टाकायला कोण आलीच नाही, ते बघा. न आलेल्या बाईच्या घरी जाऊन तिला विचारायला विसरू नका.

काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.